छातीत धडधड, उशाखाली सॉर्बिट्रेट

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४५, पतसंस्थेत हिशेबाचं काम. घरात सासूबाई, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि थोरल्या जाऊबाई. थोरले दीर आठ महिन्यांपूर्वी गेले, वय ५१. रात्री एकच्या सुमारास छातीत दुखतंय म्हणून उठले, गाडी काढेपर्यंत घामाने भिजले आणि दवाखान्याच्या दारातच संपले. त्यानंतरची वारसनोंद, विमा, बँकेचे कागद ही सगळी धावपळ ताईंनीच केली. पाच महिने त्यांना स्वतःला काही झालं नाही. गेले तीन महिने मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, रात्री एक-सव्वाला, दचकून जाग येते. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, बोटांना मुंग्या येतात, 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटतं. कोविडच्या वेळी आणलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून त्या बसतात. ठोक्यांचा आकडा ११८, कधी १२४. वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतं, पण मग चारपर्यंत डोळा लागत नाही.

एकदा रात्रीच दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले, गॅस असेल, टेन्शन घेऊ नका. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तीही नॉर्मल. नवरा म्हणतो, 'रिपोर्ट चांगले आलेत ना, मग झोप की.' सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, कारण वेळ 'तीच' आहे. ताई आता हॉलमध्ये दिवा लावून झोपतात, उशाखाली सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या गोळ्यांची, पट्टी ठेवतात, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी अधूनमधून घेतात. रस्त्यात काही झालं तर, या भीतीने संध्याकाळचं फिरणं बंद आहे. त्या विचारतात: 'अँजिओग्राफी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू का? की हे माझ्या मनाचेच खेळ आहेत? आणि जाऊबाईंना कळू न देता हे कसं निभवू? त्यांच्या दुःखापुढे माझं हे म्हणजे चोचलेच की.'

ताई,

पत्राखाली सही झाल्यावर तुम्ही घाईघाईने आणखी एक ओळ लिहिली आहे: 'जाग आली की आधी खोलीत जाऊन ह्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते, मग ऑक्सिमीटर शोधते.' अख्ख्या पत्रात मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येते, पण आधी तुम्ही जे विचारलंय ते.

अँजिओग्राफी भीती घालवायला म्हणून करू नका. मनगटातल्या नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवायची, औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घ्यायचे, अशी ती तपासणी. चालताना छाती भरून येते, ट्रेडमिलच्या तपासणीत काही दिसलं, ईसीजीत बदल आढळले, अशी कारणं असली की डॉक्टर स्वतःच ती सुचवतात. वाहिनीत अडथळा आहे का, एवढंच तिच्यातून कळतं. रात्री एक वाजता ठोके का वाढतात याचं उत्तर तिच्यात नाही. शिवाय भीतीला नॉर्मल रिपोर्ट पुरत नाही. पंधरा दिवस ती गप्प बसते आणि मग हळूच विचारते, 'त्यात दिसायचं राहून गेलं असेल तर?' तुमचं ईसीजीवरून इकोवर आणि इकोवरून अँजिओग्राफीवर येणं तसंच झालं आहे.

मग तुमची तपासणी पुरेशी झाली का? माझ्या मते नाही, आणि इथे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने नाही. ईसीजीची पट्टी म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद. तुम्ही दवाखान्यात पोचलात तोवर ठोके ९६ वर आले होते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जे बघायला गेलात ते ओसरल्यावर फोटो काढला. इको हृदयाची रचना दाखवतो, पंपाची ताकद दाखवतो. दोन्ही चांगले आले ही खरोखर चांगली बातमी आहे. पण 'हृदय चांगलं आहे, म्हणजे आता मनच' ही उडी तुम्ही फार लवकर मारलीत, आणि डॉक्टरांनीही.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून कुणाची नाडी बघता येत नाही. तरी ४५ वर्षांच्या बाईने रात्री धडधडतं म्हटल्यावर पहिल्यांदा जे विचारायचं तेच तुम्हाला कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमची पाळी कशी आहे? एवढ्या लांबलचक पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. महिने पुढेमागे होतायत का, अंगावरून जास्त जातंय का, रात्री मान आणि पाठ घामाने ओली होते का, चेहऱ्यातून एकदम वाफा निघाल्यासारखं होतं का? आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे आणि जाण्याआधीची काही वर्षं संप्रेरकं वरखाली होत असतात. त्या काळात रात्री अंग तापून छातीत धडधड होणं अगदी नेहमीचं आहे. त्याला उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे रोज सांगणाऱ्या बाया भेटतात, तुम्ही काही वेगळं सांगणार नाही आहात.

अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन बघायलाच हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय बायकांत ५७ जणींना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात. ते बरंच खाली गेलं असेल तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, यात मनाचा काही खेळ नाही. तिसरं थायरॉइड. ही ग्रंथी जास्त काम करायला लागली की ठोके वाढतात, हात थरथरतात, वजन उतरतं, झोप उडते. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर तिचा डोस जास्त होतोय का, हेही त्यातच कळतं. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही धडधड होते. डॉक्टरांकडे जाताना घरात घेता त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.

आणि ठोक्यांची नोंद. तुमचा त्रास आठवड्यातून दोन-तीनदा येतो, तेव्हा २४ तास अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर यंत्रात तो सापडेलच असं नाही. जास्त दिवस लावता येणारी यंत्रंही असतात, त्याबद्दल विचारा. ठोके एका क्षणात सुरू होऊन दीडशेच्या वर जातात आणि तसेच एका क्षणात थांबतात का, किंवा नाडी वेडीवाकडी, ताल सोडून चालते का, हे डॉक्टरांना जाणून घ्यायचं असतं. तसं असेल तर तो ठोक्यांच्या लयीचा विकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे. तुमचे आकडे ११८-१२४ आहेत, हळूहळू उतरतात, त्यामुळे मला ती शक्यता कमी वाटते. पण मला वाटण्यापेक्षा नोंद बरी. पुढच्या खेपेला मनगटावर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा, दुप्पट करा, ताल सरळ होता की नाही ते वहीत लिहा. हे एकदाच. मग तो ऑक्सिमीटर कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर.

हेच पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी आणखी वेगळे प्रश्न विचारले असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस रात्री घामाघूम होऊन, छाती धडधडत उठला तर आधी साखर तपासायची. ती उतरलेली असू शकते, आणि मशीन हाताशी नसेल तर सरळ साखर-पाणी प्यायचं. शनिवारी रात्री 'बसणाऱ्या' मंडळींना दारू उतरायला लागली की पहाटे अशीच जाग येते. ती दारूनेच आलेली असते, दारूने जात नाही. ज्यांचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं आणि मध्येच श्वास अडकतो, त्यांनी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी. तुम्ही घोरता का, हे ह्यांना विचारा. बायका घोरत नाहीत अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

आता समजा हे सगळं तपासून झालं आणि काही निघालं नाही. मला तीच शक्यता जास्त वाटते. मग हे काय आहे? तुम्ही वर्णन केलंय ते झोपेत येणाऱ्या पॅनिक अॅटॅकशी, म्हणजे भीतीच्या अचानक झटक्याशी, पुष्कळ जुळतं. तो स्वप्नामुळे येत नाही. वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात आणि निदान तुकड्यातुकड्याने आठवतात. हा झटका रात्रीच्या पहिल्या भागात येतो, झोप उथळीतून खोलात जात असताना. त्या वेळी अंग सैल पडतं, श्वास आणि ठोके बदलतात. ज्या शरीराला कित्येक महिने पहाऱ्यावर बसवलंय ते या साध्या बदलालाही धोका समजतं आणि अॅड्रेनालिन हे ठोके वाढवणारं संप्रेरक सोडतं. म्हणजे 'तीच वेळ' यात कसला संकेत नाही. तुम्ही अकराला आडव्या होता, म्हणून एक वाजता जाग येते. साडेनऊला झोपत असतात तर साडेअकराला उठला असतात. सासूबाईंना मात्र हे समजावायला जाऊ नका. त्यांना दृष्ट काढू द्या. मुलगा गेलाय त्यांचा, सुनेसाठी काहीतरी केल्याचं त्यांना बरं वाटत असेल.

पाच महिने काही झालं नाही आणि आताच का, हे कोडं तुम्हाला पडलंय. मला त्यात फार कोडं दिसत नाही. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर तलाठी, विमा कंपनी, बँक. तुम्ही तर स्वतःच हिशेबातल्या, सगळ्या फायली तुमच्या हातात. कागद संपले तेव्हा शरीराला पहिल्यांदा सवड मिळाली.

झटका आल्यावर पुढे काय होतं तेही बघा. भीतीने तुम्ही भराभर श्वास घेता. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि तो उतरला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तुम्हाला वाटतं, मुंग्या आल्या म्हणजे नक्की हार्टच. मग आणखी भीती, आणखी श्वास. त्यात ऑक्सिमीटरवर ११८ दिसतात आणि ते बघूनच १२४ होतात. हे चक्र कमकुवत मनाच्या बाईचंच असतं असं म्हणाल, तर अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी तरण्याताठ्या सैनिकांमध्ये अशीच धडधड, छातीत दुखणं आणि धाप नोंदवली होती, आणि त्यांच्या हृदयात काही सापडत नव्हतं. १८७१ साली त्यांनी त्यावर लिहिलं. तोफांपुढे उभी राहिलेली माणसं होती ती.

आता उशाखालची पट्टी. ताई, ती आजच काढा. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या रुंदावते, रक्तदाब उतरवते. दाब उतरला की तो सावरायला हृदय आणखी जोरात पळतं, डोकं ठणकतं, उठून उभं राहिलं तर भोवळ येते. म्हणजे धडधड थांबावी म्हणून तुम्ही जी गोळी जवळ ठेवलीत तिने धडधड वाढेल. ज्यांना हृदयाचं दुखणं आहे आणि ज्यांच्या डॉक्टरांनी ती लिहून दिलीय, त्यांच्यासाठी ती आहे. महाराष्ट्रात पुष्कळ घरांच्या देवघराशेजारी ही पट्टी असते आणि पाहुण्याच्या छातीत कळ आली की जिभेखाली सरकवली जाते. ही पद्धत बंद व्हायला हवी.

शेजारणीची अर्धी गोळीही थांबवा. बहुधा ती अल्प्राझोलाम किंवा तसलंच काही असणार. त्या रात्री झोप लागते हे खरं, पण या गोळ्यांची सवय लागते आणि असर उतरला की काहींना उलट बेचैनी वाढते. तुम्ही अधूनमधून घेता म्हणून सोडायला जड जाणार नाही. पण वाचकांपैकी कुणी ती महिनोन् महिने रोज घेत असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं.

'मग खरंच हार्ट अॅटॅक आला तर कसं ओळखू?' हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. छातीवर दडपण, ते हाताकडे, जबड्याकडे, पाठीत जाणं, थंड घाम, श्वास न पुरणं, शुद्ध हरपणं, ठोके दीडशेच्या वर जाऊन उतरायचं नाव न घेणं, यातलं काही झालं तर विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. बायकांमध्ये तर कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच असतं. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरणीला लागतो. हृदयाचं दुखणं तसं वेळापत्रक पाळत नाही, ते टिकतं, वाढतं. शंका आली आणि दवाखान्यात गेलात, काही निघालं नाही, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'गॅस असेल' म्हणून सकाळची वाट बघत बसलेल्यांनी गमावलेल्या वेळेचा हिशेब लावला तर पुष्कळ घरं त्यात निघतील.

रात्री काय करायचं ते सांगते. झोपायला परत आपल्या खोलीत जा. हॉल आणि दिवा रोज रात्री तुमच्या शरीराला सांगत असतात की इथे धोका आहे, जागी राहा. जाग आली की उठून बसा, पाय फरशीवर टेका, फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. श्वास नाकाने साधा घ्या आणि सोडताना लांबवा, फुंकर घातल्यासारखा ओठांतून. श्वास मोठा भरायच्या मागे लागू नका, सोडण्याकडेच लक्ष द्या. तोंडाला पिशवी लावून श्वास घ्यायचा जुना उपाय कुणी सांगितला तर तो करायचा नाही. मग सगळ्यात अवघड काम: धडधड थांबवायची खटपट करू नका. 'हे ओळखीचं आहे, चढेल आणि उतरेल' एवढं म्हणा आणि तिला चढू द्या. घड्याळ बघू नका, मोबाइल तर अजिबात नाही. ओसरल्यावरही झोप येत नसेल तर स्वयंपाकघरातला मंद दिवा लावून कंटाळवाणं काहीतरी करा, धान्य निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. जांभई आली की परत अंथरुणात. सकाळी मात्र नेहमीच्याच वेळेला उठायचं. दुपारी बँका-पतसंस्थांच्या सुट्टीच्या दिवशी झोप भरून काढाल तर रात्र आणखी लांबेल.

चहा चारच्या पुढे नको. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि तुमचा सहाचा कप अकरा वाजता अजून अंगात असतो. रात्रीचं जेवण साडेदहाला होतं असं लिहिलंय. ह्यांच्यासाठी थांबता, ते मी समजू शकते, पण पोटातलं आम्ल वर येऊनही जाग येते. तुम्ही आठला जेवा, ते आल्यावर सोबतीला नुसत्या बसा.

फिरणं मात्र परवापासून नव्हे, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की त्याच संध्याकाळी सुरू करा. त्याचं कारण व्यायामापेक्षा वेगळं आहे. तुम्हाला ठोक्यांचीच भीती बसलीय. चढावर भराभर चाललात, दोन जिने चढलात की ठोके १२० होणारच, आणि काही होणार नाही. पुन्हा चढा. दिवसाउजेडी हे अनेकदा अनुभवलं की रात्री तोच आकडा मृत्यूची नोटीस वाटायचा थांबतो. मानसोपचारात हे मुद्दाम करून घेतात आणि याचा गुण येतो.

आता ती सहीखालची ओळ.

तुम्ही जाग आल्यावर आधी ह्यांचा श्वास बघता. मला वाटतं, तुमची भीती जितकी तुमच्या छातीची आहे तितकीच, कदाचित जास्त, खोलीत झोपलेल्या माणसाच्या छातीची आहे. आणि तिच्यात तथ्य आहे. भाऊजी गेले म्हणून तुमचं हृदय धोक्यात येत नाही, तुमचं त्यांचं रक्ताचं नातं नाही. तुमच्या माहेरी कमी वयात हृदयविकार कुणाला होता का, एवढंच तुमच्यापुरतं बघायचं. पण तुमचे यजमान त्यांचे सख्खे भाऊ आहेत. सख्ख्या भावाला किंवा वडलांना ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्या माणसाचा स्वतःचा धोका वाढतो, हे डॉक्टर रोजच्या रोज विचारतात. घरात तुमचा ईसीजी झाला, इको झाला, आणि ज्यांचा व्हायला हवा ते 'झोप की' म्हणून कूस बदलून झोपलेत. त्यांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलंय? तंबाखू, मिश्री, सिगारेट काही आहे का? हे कळलं पाहिजे आणि लवकर कळलं पाहिजे.

त्यांचं ते बोलणं मला निष्काळजी वाटलं नाही. ज्याचा भाऊ रात्री एक वाजता गेला त्याला बायकोची रात्रीची धडधड ऐकवत नसेल. 'रिपोर्ट चांगले आहेत' हे तो स्वतःलाच सांगत असेल. म्हणून रात्री भांडू नका. रविवारी सकाळी, पेपर वाचून झाल्यावर, सरळ सांगा: 'मला माझी नाही, तुमची भीती वाटते. माझ्यासाठी तपासून घ्या.' तुमची रक्ततपासणी आहे त्याच दिवशी त्यांना उपाशीपोटी बरोबर न्या. डॉक्टरांना भावाबद्दल सांगायला विसरू नका, आणि ते विसरले तर तुम्ही सांगा. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतणीलाही फोनवर कधीतरी हे सांगून ठेवा. तिने घाबरायचं काही कारण नाही, फक्त वडलांचा इतिहास तिच्या डॉक्टरला माहीत हवा.

जाऊबाईंपासून लपवायचं कसं, याला माझ्याकडे युक्ती नाही, कारण लपलेलं नसणार. एका घरात, आठवड्यातून तीनदा रात्री हॉलमध्ये खुडबुड होते, दिवा जळतो. नवरा गेल्यावर गाढ झोप लागणाऱ्या बाया थोड्या. त्या पलीकडच्या खोलीत जाग्या असतील आणि तुम्ही काही बोलत नाही म्हणून त्याही बोलत नसतील. तुम्ही त्यांचं दुःख मोठं आणि आपलं छोटं असा हिशेब मांडून गप्प बसलात. त्यांना त्याचा अर्थ वेगळाही लागू शकतो: या घरात भाऊजींचं नाव काढायचं नाही असं ठरलंय. आठ महिन्यांत त्या रात्रीबद्दल तुम्ही दोघी एकदा तरी बोललात का? गाडी कुणी काढली, चपला घालायच्या राहिल्या, दवाखान्याच्या पायरीवर कोण कोण होतं?

तुमची धडधड त्यांनी ऐकून घ्यावी, धीर द्यावा, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, ते ओझं होईल. विचारत जा. 'मला अजून एक वाजता जाग येते. तुम्हाला झोप लागते का हो?' एवढं पुरे. त्या विषय बदलतील तर बदलू द्या, आठवड्याने पुन्हा विचारा. वर्षश्राद्धाला चार महिने आहेत. त्याच्या आधीचे दिवस घरात सगळ्यांनाच जड जाणार, तुमचे झटकेही तेव्हा वाढू शकतात. वाढले तर ते नवं दुखणं समजू नका.

हे सगळं करून दीड-दोन महिन्यांत रात्री मोकळ्या झाल्या नाहीत तर पुढची पायरी दुसरा इको नव्हे. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे कदाचित बोलून करायचे उपचार सुचवतील, कदाचित रोज घ्यायचं औषध देतील. ते औषध शेजारणीच्या गोळीसारखं त्याच रात्री झोपवत नाही, असर दिसायला काही आठवडे लागतात आणि मधेच सोडायचं नसतं, म्हणून धीर धरा. तोवर एखादी रात्र फारच अंगावर आली तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीचा मदत क्रमांक आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. रात्री एक वाजताही.